विल्यम टेलर (मेथडिस्ट बिशप)

विल्यम टेलर (२ मे १८२१ – १८ मे १९०२) हे अमेरिकन मेथडिस्ट धर्मोपदेशक, ग्रंथकार आणि मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे आफ्रिकेसाठी नेमलेले मिशनरी बिशप होते. मुंबई, पुणे, कलकत्ता, मद्रास, बंगळूर आणि सिकंदराबाद येथील मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळ्यांची स्थापना त्यांच्या १८७० ते १८७५ या काळातील भारतातील कार्यातून झाली. परदेशातून येणाऱ्या अनुदानावर न विसंबता प्रत्येक मंडळीने आपल्या पाळकाचा आणि उपासनागृहाचा खर्च स्वतः उचलावा, या तत्त्वाचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. या आग्रहामुळे थोड्या काळात अनेक शहरांत मंडळ्या उभ्या राहिल्या. त्याचबरोबर त्यांच्या स्वतःच्या पंथाच्या मिशनरी सोसायटीशी त्यांचा दीर्घकाळ संघर्षही झाला. कॅलिफोर्नियातील कार्यामुळे ते ‘कॅलिफोर्निया टेलर’ या नावानेही ओळखले जात.

प्रारंभिक जीवन

टेलर यांचा जन्म अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या रॉकब्रिज परगण्यात झाला. त्यांचे घराणे स्कॉटिश-आयरिश वंशाचे होते. वडील स्टुअर्ट टेलर हे कातडी कमावण्याचा व्यवसाय व शेती करीत. अकरा भावंडांत विल्यम थोरले होते. शेतीची आणि कातडी कमावण्याची कामे करीतच ते वाढले; त्यांना उच्च शिक्षण मिळाले नाही. १८४१ मध्ये मेथडिस्टांच्या एका मैदानी मेळाव्यात त्यांना धार्मिक परिवर्तनाचा अनुभव आला. पुढच्याच वर्षी त्यांनी उपदेशकाचे काम सुरू केले आणि नंतर ते बाल्टिमोर वार्षिक परिषदेत दाखल झाले. १८४६ मध्ये त्यांचा विवाह ॲन किम्बर्लिन यांच्याशी झाला. टेलर यांच्या पुढील आयुष्यातील दीर्घ प्रवासांच्या काळात कॅलिफोर्नियातील घर आणि मुलांचे संगोपन ही जबाबदारी प्रामुख्याने ॲन यांनीच सांभाळली.

कॅलिफोर्नियातील कार्य

कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर तेथे जगभरातून लोकांचा लोंढा सुरू झाला. १८४९ मध्ये टेलर कुटुंबासह बाल्टिमोरहून केप हॉर्नला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाने निघाले व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पोहोचले. शहरात घरभाडे इतके चढे होते की, त्यांनी खाडीपलीकडच्या जंगलात स्वतः लाकूड तोडून आपले घर बांधले. जुगाराच्या अड्ड्यांनी वेढलेल्या पोर्ट्‌समथ चौकात उभे राहून ते उघड्यावर उपदेश करीत. रुग्णालयांतील निराधार आजाऱ्यांना भेटणे आणि बंदरातील खलाशांसाठी उपासना चालवणे, हाही त्यांच्या नित्यक्रमाचा भाग होता.

खलाशांसाठी उभारलेल्या उपक्रमासाठी टेलर यांनी वैयक्तिक हमीवर मोठे कर्ज घेतले होते. आर्थिक अरिष्टात हा उपक्रम कोसळला आणि कर्जाचा भार त्यांच्यावर आला. ते फेडण्यासाठी त्यांनी १८५६ पासून ग्रंथलेखन सुरू केले. पुस्तके लिहावीत, उपदेशाच्या दौऱ्यांत ती विकावीत आणि त्या उत्पन्नातून कर्ज, प्रवास व कुटुंब यांचा खर्च भागवावा, अशी त्यांची पद्धत ठरून गेली. स्वतःच्या निर्वाहासाठी कोणत्याही संस्थेच्या वेतनावर अवलंबून राहायचे नाही, हा त्यांचा निर्धार या अनुभवातून पक्का झाला.

ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका

१८५६ नंतरची काही वर्षे टेलर यांनी अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत व कॅनडात उपदेश केला. त्यानंतर इंग्लंड, आयर्लंड व पॅलेस्टाइन असा प्रवास करून ते १८६३ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले. तेथून त्यांनी निलगिरी वृक्षाचे बी पत्नीकडे कॅलिफोर्नियाला पाठविले. तेथील निलगिरीच्या प्रसाराचे श्रेय त्यामुळे अनेकदा त्यांना दिले जाते. मात्र हा वृक्ष त्याआधीच, १८५० च्या दशकात, कॅलिफोर्नियात आलेला होता.

मुलाच्या आजारपणामुळे १८६६ मध्ये टेलर कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे चार्ल्स पाम्ला या आफ्रिकी उपदेशकाने त्यांच्या भाषणांचे स्थानिक भाषेत रूपांतर केले. पाम्ला यांची समज आणि वक्तृत्व यांमुळे खोसा भाषकांमध्ये या सभांना मोठा प्रतिसाद मिळाला. स्थानिक उपदेशकांवर विश्वास टाकला, तर परदेशी देखरेखीविनाही मंडळी वाढू शकते, असा निष्कर्ष टेलर यांनी या अनुभवातून काढला.

भारतात आगमन

मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे भारतातील काम विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये सुरू केले होते. परंतु ते अवध, रोहिलखंड व लगतच्या उत्तरेकडील प्रदेशापुरते मर्यादित होते. लखनौ येथील मिशनरी जेम्स थोबर्न यांच्या निमंत्रणावरून टेलर नोव्हेंबर १८७० मध्ये मुंबईत उतरले व तेथून लखनौला गेले. सुमारे एक वर्ष त्यांनी उत्तर हिंदुस्थानात दुभाष्यांच्या साहाय्याने सभा घेतल्या. दक्षिण आफ्रिकेसारखा प्रतिसाद त्यांना येथे मिळाला नाही. दुभाष्यामार्फत केलेला उपदेश येथील जनतेपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा इंग्रजी जाणणाऱ्या लोकांपासून आरंभ करावा आणि त्यांच्यामार्फत देशी भाषांतील समाजापर्यंत जावे, अशी योजना त्यांनी आखली.

मुंबईतील मंडळी

नोव्हेंबर १८७१ मध्ये टेलर मुंबईत आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८१३ पासून चालू होते आणि त्या मिशनच्या लोकांनी त्यांना सभांसाठी साहाय्य केले. आरंभीच्या सभा लहान होत्या. पुढे रेल्वे, तारखाते, सरकारी कचेऱ्या व व्यापारी पेढ्यांत काम करणारे युरोपीय आणि त्या काळी युरेशियन म्हणून ओळखले जाणारे अँग्लो-इंडियन लोक मोठ्या संख्येने येऊ लागले. या वर्गातील पुष्कळ जण नावापुरते ख्रिस्ती होते. प्रस्थापित चर्चमध्ये त्यांना आपलेपणा वाटत नव्हता. टेलर यांनी त्यांचे लहान गट केले आणि हे गट सभासदांच्या घरी भरू लागले.

या गटांतील लोकांनी स्वतंत्र मेथडिस्ट मंडळी स्थापन करण्याची विनंती केली आणि १८७२ च्या प्रारंभी मुंबईत मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळी अस्तित्वात आली. या निर्णयावर टीका झाली. इतर मिशनांनी वाटून घेतलेल्या क्षेत्रात नवा पंथ आणणे योग्य नाही, असा एक आक्षेप होता. मेथडिस्ट मिशनने आपल्या ठरलेल्या सीमा ओलांडू नयेत, असा दुसरा. लोक स्वतःहून मंडळी मागत असतील आणि तिचा खर्चही स्वतः करीत असतील, तर या सीमा त्यांना लागू होत नाहीत, अशी टेलर यांची भूमिका होती.

मुंबईतील त्यांचे सर्वांत महत्त्वाचे सहकारी जॉर्ज बोवेन होते. बोवेन १८४८ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले होते. येथील सामान्य लोकांच्या आणि आपल्या राहणीतील अंतर सलत असल्याने त्यांनी मिशनचे वेतन सोडले व ते अत्यंत साधेपणाने देशी वस्तीत राहू लागले. ते रस्त्यांवर मराठीतून उपदेश करीत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र संपादित करीत. टेलर यांचे स्वावलंबनाचे तत्त्व बोवेन अनेक वर्षे स्वतः आचरत होते. ते मेथडिस्ट मंडळीत सामील झाल्यामुळे नव्या मंडळीला मराठी जाणणारा व सर्व पंथांत आदर असलेला नेता मिळाला. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. कुलाबा येथील बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते.

पुण्यातील कार्य

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाल्यावर मुंबई व पुणे ही शहरे थेट जोडली गेली होती. पुण्यात लष्करी छावणी, सरकारी कचेऱ्या, रेल्वेचे नोकर आणि निवृत्तिवेतनधारक कुटुंबे यांची मोठी वस्ती होती. टेलर यांनी मुंबईपाठोपाठ पुण्यातही सभा घेतल्या व तेथे मंडळी स्थापन झाली. लोणावळा व इगतपुरी यांसारख्या रेल्वेच्या ठाण्यांतही मेथडिस्ट सभासदांचे गट तयार झाले. बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेला रेल्वेचा नोकर तेथे आपल्या घरी नवा गट सुरू करी. अशा रीतीने मंडळीचा विस्तार बराचसा लोहमार्गाच्या कडेने झाला.

टेलर यांच्या आवाहनावरून अमेरिकेतून आलेल्या तरुण उपदेशकांत डॅनियल फॉक्स, विल्यम रॉबिन्स व आल्बर्ट नॉर्टन यांचा समावेश होता. फॉक्स यांनी पुण्याच्या मंडळीचे काम सांभाळले. त्यांच्या एका सभेला विल्यम ओल्डहॅम हा बंगळूर येथे जन्मलेला, सरकारी भूमापन खात्यात काम करणारा तरुण आला आणि या सभेमुळे त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. ओल्डहॅम यांचा विवाह पुण्यातच जन्मलेल्या मेरी मुलिगन यांच्याशी झाला. अमेरिकेत शिक्षण घेऊन परतल्यावर ओल्डहॅम यांना सिंगापूरला पाठविण्यात आले. १८८५ मध्ये त्यांनी थोबर्न यांच्यासह तेथे मेथडिस्ट कार्याचा आरंभ केला आणि १८८६ मध्ये अँग्लो-चायनीज स्कूल ही आजही नावाजलेली शाळा काढली. पुढे ते बिशप झाले. पुण्याच्या छावणीतील एका लहान मंडळीचा संबंध अशा प्रकारे आग्नेय आशियातील मेथडिस्ट चर्चच्या स्थापनेशी पोहोचतो.

आल्बर्ट नॉर्टन यांनी पुढे स्वतंत्रपणे काम केले. १८९० च्या दशकातील दुष्काळानंतर त्यांनी पुणे जिल्ह्यातील दौंड येथे अनाथ मुलांसाठी आश्रम चालविला. केडगाव येथील पंडिता रमाबाई यांच्या मुक्ती मिशनशी त्यांचे निकटचे संबंध होते.

इतर शहरांतील विस्तार

जानेवारी १८७३ मध्ये टेलर कलकत्त्यास गेले. तेथील काम त्यांना सर्वांत कठीण वाटले. १८७४ मध्ये थोबर्न यांनी कलकत्त्याची जबाबदारी घेतली व त्यांच्या काळात ती मंडळी मोठी झाली. त्याच सुमारास टेलर यांनी मद्रास, बंगळूर व सिकंदराबाद येथे सभा घेऊन मंडळ्या स्थापन केल्या. या सर्व कामाला ‘बॉम्बे-बेंगॉल मिशन’ म्हणून मान्यता मिळाली व टेलर त्याचे अधीक्षक झाले. १८७५ मध्ये त्यांनी भारत सोडला. त्यानंतर ते येथे कायमच्या कामासाठी परतले नाहीत. १८७६ मध्ये या मंडळ्यांची स्वतंत्र ‘साउथ इंडिया कॉन्फरन्स’ स्थापन झाली.

श्रद्धा व मिशनविषयक विचार

टेलर यांची शिकवण मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या परंपरेतील होती. देवाची कृपा काही निवडक लोकांसाठी नसून सर्वांसाठी आहे. ती मनुष्याने शोधण्याआधीच त्याच्या अंतःकरणात कार्य करू लागते. पश्चात्ताप व विश्वास यांद्वारे त्याला क्षमा मिळते आणि त्या क्षमेची खात्री त्याला मनात अनुभवता येते, हे या शिकवणीचे मुख्य सूत्र होय. क्षमेनंतर जीवनाचे पवित्रीकरण झाले पाहिजे, यावर टेलर यांचा विशेष भर होता. मद्यपान, जुगार व अप्रामाणिक व्यवहार यांचा त्याग हे पवित्र जीवनाचे प्राथमिक लक्षण मानले जाई. मुंबई-पुण्याच्या छावण्यांत व रेल्वे वसाहतींत दारूचे व्यसन मोठ्या प्रमाणावर असल्याने या शिकवणीचा तेथील कुटुंबांच्या दैनंदिन जीवनावर प्रत्यक्ष परिणाम होत असे.

मेथडिस्ट संघटनेचा मूळ घटक म्हणजे ‘क्लास’. ही पद्धत १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सुरू झाली. उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा जणांचे गट करण्यात आले व प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करण्याचे ठरले. वर्गणी घेण्यासाठी घरोघर जाणाऱ्या गटप्रमुखाला सभासदांच्या अडचणी व त्यांचे आचरण कळू लागले आणि पैशाच्या सोयीसाठी काढलेली योजना परस्परांची आध्यात्मिक काळजी घेण्याचे साधन बनली. टेलर यांनी मुंबईत व पुण्यात हीच पद्धत वापरली. वर्गणी आणि आत्मिक शिस्त या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने वेगळ्या नव्हत्या. जी मंडळी आपल्या पाळकाला पोसत नाही, ती त्याला आपला मानत नाही, असे त्यांचे मत होते.

‘पॉलाइन मेथड्स ऑफ मिशनरी वर्क’ (१८७९) या ग्रंथात त्यांनी या विचाराची मांडणी केली. प्रेषित पौल याने स्थापन केलेल्या मंडळ्या दूरच्या कोणत्याही संस्थेच्या पैशावर चालत नव्हत्या, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. नव्या विश्वासणाऱ्यांवर लवकर जबाबदारी सोपवावी, त्यांच्यातूनच नेते तयार करावेत आणि संस्थापकाने पुढच्या ठिकाणी जावे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या पद्धतीच्या मर्यादा भारतातच दिसून आल्या. पगारदार नोकरवर्ग असलेल्या इंग्रजी मंडळ्या आपला खर्च भागवू शकत. परंतु महाराष्ट्रातील खेड्यांत ख्रिस्ती झालेली कुटुंबे बहुधा अत्यंत गरीब होती आणि पाळकाचे वेतन देणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. शिवाय इंग्रजी मंडळीतून मराठी समाजात काम आपोआप पसरेल, ही टेलर यांची अपेक्षा फारशी फळाला आली नाही. भाषा, राहणी व सामाजिक दर्जा यांचे अंतर मोठे होते. मराठीतील काम वाढण्यासाठी भाषा शिकलेले मिशनरी, देशी उपदेशक व शाळा यांची गरज पडली आणि त्यासाठी अखेरीस मिशनरी सोसायटीचे अनुदान स्वीकारावे लागले.

दक्षिण अमेरिका व मिशनरी सोसायटीशी संघर्ष

१८७७ पासून टेलर यांनी पेरू व चिली येथील किनाऱ्यावरील शहरांत स्वावलंबी शाळा व मंडळ्या सुरू केल्या. शिक्षकांनी शाळेच्या शुल्कावर निर्वाह करावा आणि त्याबरोबर धर्मकार्य करावे, अशी योजना होती. न्यू यॉर्क येथील मिशनरी सोसायटीच्या नियंत्रणाबाहेर चाललेल्या या कामाला अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. टेलर यांनी आपले उपदेशक परत बोलावण्यास नकार दिला आणि १८८२ मध्ये वार्षिक परिषदेतील प्रवासी उपदेशकाचे पद सोडून सामान्य स्थानिक उपदेशकाचा दर्जा पत्करला.

या दर्जामुळे एक अनपेक्षित प्रसंग घडला. १८८४ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या सर्वसाधारण परिषदेसाठी साउथ इंडिया कॉन्फरन्सने टेलर यांना आपला सामान्य सभासदांचा प्रतिनिधी म्हणून निवडले. ज्या मंडळ्या त्यांनी बारा वर्षांपूर्वी स्थापन केल्या होत्या, त्यांनीच त्यांना परिषदेत स्थान मिळवून दिले आणि त्याच परिषदेने त्यांची आफ्रिकेचे मिशनरी बिशप म्हणून निवड केली.

आफ्रिकेतील कार्य

१८८५ मध्ये टेलर सुमारे चाळीस स्त्री-पुरुष व मुलांसह अंगोलातील लुआंडा येथे पोहोचले. शेती, व्यापार व हस्तव्यवसाय करून मिशनरींनी स्वतःचा निर्वाह करावा, ही योजना येथेही होती. तापाच्या साथीने अनेकांचे बळी घेतले, काही जण परतले. काँगो नदीसाठी तयार केलेली आगबोट वरच्या प्रवाहापर्यंत नेणे शक्य झाले नाही. पुरेशी तयारी न करता कुटुंबांना अपरिचित हवामानात नेल्याबद्दल टेलर यांच्यावर टीका झाली. तरीही अंगोलातील मेथडिस्ट चर्च टिकून राहिले. या गटातील हेली शातलेन यांनी किम्बुंडू भाषेचा अभ्यास करून मोलाचे काम केले. स्वतंत्र अंगोलाचे पहिले अध्यक्ष ॲगोस्टिन्हो नेटो यांचे वडील याच चर्चचे पाळक होते.

निवृत्ती व मृत्यू

१८९६ मध्ये टेलर निवृत्त झाले. तत्पूर्वी १८९५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. १८ मे १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे त्यांचे निधन झाले. ओकलंड येथील माउंटन व्ह्यू दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

प्रमुख ग्रंथ

सेव्हन इयर्स स्ट्रीट प्रीचिंग इन सॅन फ्रान्सिस्को (१८५६)
कॅलिफोर्निया लाइफ इलस्ट्रेटेड (१८५८)
द मॉडेल प्रीचर (१८५९)
ख्रिश्चन ॲडव्हेंचर्स इन साउथ आफ्रिका (१८६७)
फोर इयर्स कॅम्पेन इन इंडिया
पॉलाइन मेथड्स ऑफ मिशनरी वर्क (१८७९)
स्टोरी ऑफ माय लाइफ (१८९५)

वारसा

अमेरिकेतील फोर्ट वेन कॉलेजला १८९० मध्ये टेलर यांचे नाव देण्यात आले. ही संस्था आज इंडियाना राज्यातील अपलंड येथे टेलर विद्यापीठ म्हणून चालते. चिलीतील सँटियागो कॉलेज ही शाळा त्यांच्या योजनेतून निघाली. त्याच योजनेखाली १८८९ मध्ये चिलीत गेलेले विलिस हूवर यांना १९०७ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधील पुनरुज्जीवनाचा वृत्तान्त सांगणारी पुस्तिका मिळाली. तिच्या लेखिका मिनी अब्राम्स या मेथडिस्ट मिशनरी म्हणून मुंबईत आल्या होत्या व नंतर पंडिता रमाबाईंच्या सहकारी झाल्या. या पुस्तिकेच्या प्रेरणेने हूवर यांच्या व्हालपारायझो येथील मंडळीत जी चळवळ सुरू झाली, तिच्यातून चिलीतील पेंटेकोस्टल चर्च उदयास आले.

भारतातील या मंडळ्या पुढे दक्षिण आशियातील मेथडिस्ट चर्चचा भाग बनल्या. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होताना या चर्चने त्या एकीकरणात सामील न होण्याचा निर्णय घेतला. १९८१ मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ हे स्वायत्त चर्च अस्तित्वात आले व त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. परदेशी संस्थेच्या पैशाविना व आपल्याच नेत्यांच्या हाती चालणारे चर्च हे टेलर यांचे उद्दिष्ट होते. भारतातील मेथडिस्ट चर्चला स्वायत्तता मिळाली, ती त्यांनी मुंबईत पहिली मंडळी स्थापन केल्यानंतर १०९ वर्षांनी.